तेलाच्या कॅनचे आजोबा

चिन्मयीने शाळेच्या प्रदर्शनासाठी जे प्लॅस्टिकचे आजोबा बनवले होते, ते दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी उठले आणि त्यांनी दाराच्या कडीला अडकवलेली दुधाची पिशवी आत आणून ओट्यावर ठेवली. सुनयना स्वयंपाकघरात आली तेव्हा ते खिडकीशी उभे होते.

"दूध आज पातळ आहे," ते म्हणाले.

"रोज असंच असतं," सुनयना म्हणाली, आणि तिने पातेलं घेतलं.

त्यांचा आवाज घुमत होता, रिकाम्या बादलीत तोंड घालून बोलावं तसा. ते साहजिक होतं. त्यांचं पोट म्हणजे पाण्याचा वीस लिटरचा जार होता. डोकं तेलाच्या कॅनचं होतं आणि कॅनची मूठ नाकाच्या जागी आली होती, त्यामुळे नाक चांगलं मोठं आणि बाकदार होतं. कान श्रीखंडाच्या डब्यांच्या झाकणांचे. डोळे बाटल्यांच्या निळ्या बुचांचे. मिशी जुन्या टूथब्रशची होती आणि बोलताना ती खालीवर व्हायची. हात-पाय पाइपांच्या तुकड्यांचे होते. चिन्मयीचा बाप दिगंबर गावाबाहेरच्या पाइपांच्या कारखान्यात कामाला होता, त्यामुळे घरात तुकड्यांना तोटा नव्हता.

चिन्मयी तिसरीत होती. त्यांच्या फिरके मॅडमनी वर्गात सांगितलं होतं, टाकाऊपासून टिकाऊ काहीतरी करून आणा. बाकीच्या मुलांनी बाटल्या कापून पेनस्टँड केले, कुंड्या केल्या, एकाने चमच्यांची कोंबडी केली. चिन्मयी म्हणाली, मी आजोबा करणार.

"आजोबा आहेत ना तुला वरणगावला," सुनयना म्हणाली होती.

"ते बाबांचे बाबा. सगळ्यांना दोन असतात. मला एकच आहे."

 सुनयनाचे वडील, ज्यांना घरातले सगळे आप्पा म्हणत, ती तीन महिन्यांची असताना तापाने गेले. त्यांचा फोटो कुणी काढलेला नव्हता. आई विषय निघू द्यायची नाही, आणि आता आईही नव्हती.

"दिसायला कसे होते?" चिन्मयीने विचारलं होतं.

"मला माहीत नाही."

"मग मी कसेही करू?"

"कर," सुनयना म्हणाली होती.

दिगंबर रात्रपाळी करून घरी आला. त्याने चप्पल काढली, आजोबांना पाहिलं, वाकून नमस्कार केला आणि बायकोला हळूच विचारलं, "यांना आंघोळीला पाणी लागेल का?"

"गरम नको," आजोबा म्हणाले.

चहा त्यांना घेता येत नव्हता. सुनयनाने कप हातात दिला तर त्यांचा तळवा मऊ पडला आणि कपाचा कान त्यात रुतला. त्यांनी तो सावकाश सोडवून घेतला. मग त्यांनी नुसता वास घेतला आणि वेलदोडा घातलाय म्हणून सांगितलं. ते खूश दिसत होते. चिन्मयी उठली, डोळे चोळत आली, आणि आपलं काम नीट झालं आहे की नाही ते त्यांच्याभोवती फिरून तिने तपासलं. पाठीमागची एक गाठ सैल होती. ती तिने घट्ट केली.

"आता बरं वाटतंय," आजोबा म्हणाले.

चिन्मयी शाळेत गेली, दिगंबर झोपला. सुनयना भाकऱ्या थापत होती. आजोबा दारात येऊन उभे राहिले. ते अदबीने उभे होते, परक्याच्या घरी उभं राहावं तसे.

"अहो ताई," ते म्हणाले, "या घरात एक तान्ही मुलगी होती. ती झोपली का?"

सुनयनाचे हात थांबले. "कोणती?"

"एवढी." त्यांनी दोन्ही हातांनी माप दाखवलं. ते पोळपाटाएवढं होतं. "सुनू."

भाकरी तव्यावर करपायला लागली होती. तिने ती उलटली आणि गॅस बारीक केला. "सुनू मीच आहे, आप्पा," असं म्हणायचं होतं. तिने तोंड उघडलं, पण आप्पा हा शब्द तिने आयुष्यात कुणाला हाक म्हणून वापरला नव्हता, त्यामुळे तो बाहेर कसा काढायचा ते तिला कळेना. ती एवढंच म्हणाली, "मीच ती."

आजोबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. निळी बुचं तिच्या चेहऱ्यावरून फिरली.

"नाही हो ताई," ते मायेने म्हणाले. "तिला अजून मान धरता येत नाही."

त्या दिवशी ते घरभर मुलीला शोधत राहिले. त्यांनी खाटेखाली पाहिलं, पिठाच्या डब्यात पाहिलं, गाद्यांच्या घड्या एकेक करून उचलल्या. त्यांना वाईट वाटतंय असं काही दिसत नव्हतं. हरवलेली वस्तू सापडणारच आहे अशा खात्रीने माणूस शोधतो, तसे ते शोधत होते. संध्याकाळी चिन्मयीने विचारलं, "काय शोधताय?" त्यांनी सांगितलं. चिन्मयीने थोडा विचार केला.

"नसली तर करायची," ती म्हणाली, आणि तिने आपली कात्री त्यांना दिली.

आजोबा चटईवर मांडी घालून बसले. पाइपांची मांडी पुरती वळत नव्हती, एक गुडघा वर राहिला. त्यांनी दुधाच्या धुऊन ठेवलेल्या पिशव्या घेतल्या, त्यांत ब्रेडचे कागद चुरगळून भरले आणि सुतळीने बांधायला लागले. भोकं पाडायला दाभण तापवावं लागायचं. गॅस पेटला की आजोबा भिंतीकडे तोंड करून बसत, म्हणून ते काम सुनयनाने घेतलं. ती दाभण तापवून भोक पाडी, आजोबा त्यातून सुतळी ओवत. तिने पाहिलं की त्यांच्या हाताला सवय आहे. ते दोरा दाताने तोडायला गेले, मग दात नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते स्वतःशीच हसले.

मुलगी तयार झाली तेव्हा तिने आधी एक जांभई दिली. मग ती रडली. दुधाच्या पिशवीतून हवा जाते तसा आवाज होता. आजोबांनी तिला खांद्यावर घेतलं, मानेखाली हात दिला आणि ते ओट्यापासून दारापर्यंत फेऱ्या मारायला लागले. मुलगी गप्प झाली. दिगंबर उठून चहा पीत होता, तो म्हणाला, "आपली चिनू अशीच रडायची."

आजोबा फेऱ्या मारून थांबले. "हिला मी इथवर पाहिलं आहे," ते सुनयनाला म्हणाले. "पुढचं मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे का, ताई?"

"थोडंफार," सुनयना म्हणाली.

"मग सांगा. मी करत जातो."

अशी सुरुवात झाली. सुनयनाने सांगितलं की वर्षाची झाली तेव्हा ती पुढे न रांगता मागे मागे रांगायची, आणि एकदा अशीच मागे जात जात शेजाऱ्यांच्या घरात पोचली होती. हे तिला आईने सांगितलेलं होतं. आजोबा हसले, त्यांचा जार हलला. त्यांनी वर्षाची सुनू केली आणि जमिनीवर ठेवली. ती मागे मागे रांगत मोरीपर्यंत गेली. तिला उचलून आणलं. मग दोन वर्षांची केली, मग तीन. चार वर्षांची असताना तिने मणी गिळला होता. आजोबांनी त्या मुलीच्या पोटात, पारदर्शक बाटलीत, एक हिरवा मणी टाकला. ती पळायला लागली की तो खुळखुळायचा. सहा वर्षांची असताना तिचे पुढचे दोन दात निंबावरून पडून गेले होते. आजोबांनी दातांसाठी औषधाच्या बाटल्यांची पांढरी झाकणं ओळीने लावली आणि मधली दोन काढून घेतली.

"दुखलं का फार?" त्यांनी विचारलं.

"आठवत नाही. आईने गूळ दिला होता."

"बरं केलं," आजोबा म्हणाले. त्यांनी सहा वर्षांच्या सुनूच्या डोक्यावरून हात फिरवला. ती म्हणाली, "आप्पा, मी अजून वरच्या फांदीवर चढू शकते."

मुली त्यांना आप्पा म्हणत. कुणी शिकवलं नव्हतं. दिवसभर घरात आप्पा, आप्पा चालायचं आणि प्रत्येक आवाज सुनयनाचा होता, कुठला बोबडा, कुठला किनरा. ती मोरीत नळ सोडून उभी राही आणि स्वतः म्हणून पाही. ओठ मिटायचे, उघडायचे. नळाचा आवाज तेवढा यायचा.

घर दोन खोल्यांचं होतं. पण जागेची फार अडचण झाली नाही, कारण झोपायची वेळ झाली की मुली एकमेकींत बसत. दुकानात बादल्या एकात एक ठेवतात तशा. तान्ही वर्षाचीत, वर्षाची दोनचीत, असं करत सगळ्यांत मोठी तेवढी कोपऱ्यात उभी राही, आणि तिच्या आतून हळूहळू एकेक आवाज बंद होई. सकाळी चिन्मयी त्यांना एकेक करून बाहेर काढी. तिला घाई आठ वर्षांचीपर्यंत पोचायची असायची, कारण ती तिच्याच वयाची होती.

पहिल्याच दिवशी आठ वर्षांच्या सुनूने चिन्मयीला विचारलं होतं, "तू कोणाची?"

"तुझीच."

"बरं," सुनू म्हणाली, "मग राज्य तुझ्यावर."

त्या दोघी दाराबाहेरच्या ओट्यावर लंगडी खेळत. आई खोटं खेळते, अशी तक्रार घेऊन चिन्मयी आत येई, आणि सुनयना भाजी चिरत म्हणे, "मला नको सांगू, तिला सांग." एकदा दोघींचं कडाक्याचं भांडण झालं. सुनू लंगडीत पाय टेकवून नाही म्हणत होती. सुनयनाला बाहेर जाऊन मधे पडावं लागलं. ती आपल्याच आठ वर्षांच्या तोंडाकडे बघत होती. पाय टेकला होता हे तिला चांगलं माहीत होतं. "टेकला होता," ती म्हणाली. सुनूने तिच्याकडे असं पाहिलं की सुनयनाला हसू आवरेना.

घरातलं प्लॅस्टिक मात्र कमी पडायला लागलं. डाळी-साळींचे डबे गेले, त्या आता कागदाच्या पुड्यांत होत्या. केराची सुपली गेली. एके दिवशी दिगंबर मोरीतून ओरडला, "आंघोळीचा मग कुठे आहे?"

"नवव्या वर्षात," सुनयना म्हणाली.

"आणि नवी बादली?"

"तिला हात लावू नका. ती लग्नासाठी ठेवली आहे."

 दिगंबरने पातेल्याने आंघोळ केली.

गल्लीत कळलंच होतं. समोरच्या नेहेते काकू तुटलेली खुर्ची घेऊन आल्या. "यातून दहावी निघेल का बघा," त्या म्हणाल्या. खुर्ची चांगली जाड होती. तिच्यातून दहावी निघाली, अकरावी निघाली आणि पाठीच्या पट्ट्या उरल्या त्यांच्या वेण्या झाल्या. कुणी गळकं पिंप आणलं, कुणी नातवाची मोडकी तीनचाकी. देताना प्रत्येक जण विचारायचा, "कितवं चाललंय?" कुणी कुठलं वर्ष आपल्या पिंपातून व्हावं अशी इच्छाही सांगायचं. आजोबा सगळ्यांचं ऐकायचे. ते सगळ्यांना अहोजाहो करत.

तेराव्या वर्षाशी काम अडलं.

"हे सोडून द्या," सुनयना म्हणाली. "यात काही नाही."

"सोडता येत नाही, ताई," आजोबा म्हणाले. "चौदाची कुणाला पोटात घेणार? मधे पोकळी राहील. वाजत राहील."

सुनयना पोळ्या लाटत होती. तिने एक पोळी लाटली, दुसरी लाटली. मग पाठमोरीच म्हणाली, "त्या वर्षी आईने मला शाळेसाठी रावेरला मामाकडे ठेवलं. ती मला सोडून परत निघाली तेव्हा मी खिडकीत उभी होते. ती वळून पाहील असं मला वाटलं होतं. नंतर दिवाळीपर्यंत मी कुणाशी बोललेच नाही. मामीला वाटलं मुकी झाली."

दिगंबरने वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांच्या लग्नाला तेरा-चौदा वर्षं झाली होती आणि हे त्याला माहीत नव्हतं.

"आईने वळून पाहिलं नाही?" आजोबांनी विचारलं.

"नाही."

"रडत असेल," आजोबा म्हणाले. "ती रडताना कुणाला दिसू द्यायची नाही. कांदा चिरायला घ्यायची."

सुनयना वळली. तिच्या हातात लाटणं होतं. आई खरंच अवेळी कांदा चिरायला घ्यायची. भाजी कांद्याची नसली तरी. हे या घरात कुणालाच माहीत नव्हतं, चिन्मयीला तर नव्हतंच.

आजोबांनी त्या दिवशी तेरा वर्षांची केली. तोंडाच्या जागी त्यांनी बाटलीचा आटे असलेला गळा बसवला आणि त्यावर बूच घट्ट लावलं. मुलगी खिडकीशी जाऊन उभी राहिली. चिन्मयी शाळेतून आली, तिने दप्तर टाकलं, खुर्चीवर चढली आणि ते बूच फिरवून काढलं. तेरा वर्षांची सुनू बोलायला लागली. ती दुपारभर बोलली, संध्याकाळभर बोलली. मामीचं मांजर, भूगोलाच्या बाई, केळीच्या बागेत सापडलेलं कासव, रेल्वेच्या रुळावर ठेवून चपटं केलेलं नाणं, सगळं सांगितलं. नेहेते काकू ऐकायला आल्या त्या जेवायच्या वेळेपर्यंत हलल्या नाहीत. आजोबा समोर बसून "मग?" म्हणत होते. सुनयना दाराच्या चौकटीला टेकून आपलंच बोलणं ऐकत राहिली. बरंचसं ती विसरली होती. कासवाला तर पारच.

पुढची वर्षं मग भराभर झाली. लग्नाची लाल झाली, नव्याकोऱ्या बादलीची, अंगावर एक ओरखडा नसलेली. "लग्नात माझ्या जागी कोण उभं होतं?" आजोबांनी विचारलं. मामा, असं सुनयनाने सांगितलं. आजोबांनी मान हलवली आणि तिच्या गळ्यात मण्यांची माळ घालायला बराच वेळ लावला. दिगंबर कामावरून आला, दारातून त्याला ती दिसली. तो परत बाहेर गेला, त्याने केसांवरून हात फिरवला, शर्ट खोचला आणि पुन्हा आत आला.

अठ्ठाविसावीला आजोबांनी पोटाशी श्रीखंडाचा गोल डबा लावला, झाकणासकट. चिन्मयीने झाकण उघडून आत पाहिलं.

"मी आहे," ती म्हणाली आणि झाकण लावलं.

आता ज्या मुली तयार होत होत्या त्या घरात वावरायला लागल्या. तिसावी कपडे वाळत घालायची, बत्तिसावी नेहेते काकूंशी दारात बोलत उभी राहायची. स्वयंपाकघरात सुनयना वळली की कुणाचा तरी कोपर लागायचा. सगळ्यांना मिठाचा डबा एकाच वेळी हवा असायचा. मोरीसमोर ओळ लागायची. ती स्वतःच्याच घरात अंग चोरून चालायला लागली, पण तिला त्याचा त्रास होत नव्हता. कुणीतरी तिच्या आधीच तिचं गाणं गुणगुणत असायचं, मग ती पुढची ओळ म्हणायची.

आजोबा मात्र जसजसे पुढे येत होते तसतसे तिच्याकडे जास्त बघायला लागले. बोलणंही बदललं. आधी ते "अहो ताई" म्हणत. मग नुसतं "अहो" म्हणायला लागले. पस्तिसावी पुरी झाली त्या दुपारी ते काहीच म्हणाले नाहीत. त्यांनी पस्तिसावीची शेवटची गाठ मारली, तिला उभं केलं आणि सुतळीचं रीळ हातात घेऊन इकडेतिकडे पाहिलं. घरात प्लॅस्टिकचा तुकडा उरला नव्हता. गल्लीतही नव्हता. सुनयना पुढच्या महिन्यात छत्तीस पुरी करणार होती.

"आता कशाची करू?" त्यांनी विचारलं. ते तिलाच विचारत होते, पण हाक मारायला त्यांच्याकडे शब्द नव्हता. निळी बुचं तिच्या हनुवटीपाशी, कपाळापाशी, पुन्हा हनुवटीपाशी जात होती.

तेवढ्यात फिरके मॅडम आल्या. उद्या प्रदर्शन असल्यामुळे त्या घरोघर जाऊन मुलांच्या वस्तू बघत होत्या. त्या खूप दमल्या होत्या आणि त्यांनी पाणी मागितलं. पस्तिसावीने ते दिलं.

"या कुणी केल्या?" त्यांनी मुलींकडे बघत विचारलं.

"आजोबांनी," चिन्मयी म्हणाली.

"मग त्या चालणार नाहीत. मुलांनी स्वतः केलेलंच धरायचं आहे. दरवर्षी हेच होतं, घरची मोठी माणसंच करून देतात." त्यांनी आजोबांना सगळ्या बाजूंनी पाहिलं, नाकाची मूठ हलवून पाहिली. "हे तू केलंस?"

"हो."

"याचा उपयोग काय?"

चिन्मयीला हे विचारतील असं माहीत नव्हतं. तिने आईकडे पाहिलं. "दूध आत आणतात," ती म्हणाली. "आणि आईला विचारतात."

"काय विचारतात?"

"पुढे काय झालं ते."

फिरके मॅडमनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "हे जिल्ह्याला जाईल," त्या म्हणाल्या. "आपल्या शाळेत ठेवून उपयोग नाही. उद्या सकाळी टेम्पो येईल, ऊन चढायच्या आत निघायला हवं. पुढचं तिकडचे लोक ठरवतील."

"जिल्ह्याला मी कधी गेलो नाही," आजोबा म्हणाले. त्यांना आनंद झाला होता. त्यांनी लगेच मिशी साफ करायला घेतली.

सकाळी सुनयनाने वांगी भाजली. आजोबा खाणार नव्हते, पण प्रवासाला माणूस रिकाम्या हाताने कसा पाठवायचा. तिने भरीत केलं, पुऱ्या तळल्या. तळण चाललं होतं तोवर आजोबा लांब ओट्यावर उभे राहून गल्लीतल्या लोकांचा निरोप घेत होते. टेम्पो आला, पण गल्लीत शिरेना, तो तोंडाशीच उभा राहिला. फिरके मॅडम शिट्टी घेऊन आल्या होत्या. सगळ्या मुली एकदम टेम्पोकडे पळाल्या आणि गल्ली भरून गेली. तेव्हा मॅडमनी शिट्टी वाजवली.

"उंचीप्रमाणे उभ्या राहा. लहान पुढे. हात धरा."

मुली ओळीने उभ्या राहिल्या. आजोबा टेम्पोत मागच्या बाजूला पाय खाली सोडून बसले. त्यांनी तान्हीला शेजारी बसवलं, तिची मान आता बरीच सावरली होती. तिचा हात त्यांनी धरला, तिचा दुसरा हात वर्षाचीने धरला, वर्षाचीचा दोन वर्षांचीने. ओळ गल्लीच्या तोंडापासून निघाली, नेहेते काकूंच्या तुळशीला वळसा घालून, दिगंबरच्या सायकलमागून, पायऱ्या चढून सुनयनाच्या दारापर्यंत आली. पस्तिसावी उंबऱ्याबाहेर उभी होती. तिचा एक हात मोकळा होता.

सुनयना भरताचा डबा हातात घेऊन दारात आली. डबा स्टीलचा होता, घरात तेवढेच उरले होते.

"तुम्हीपण," फिरके मॅडम लांबून म्हणाल्या. "डबा पुढे पाठवा, आणि हात धरा."

तिने डबा पस्तिसावीला दिला. तिने चौतिसावीला. डबा हातोहात लहान होत जाणाऱ्या मुलींकडून पुढे गेला आणि शेवटी आजोबांच्या मांडीवर पोचला. त्यांनी झाकण उघडून वास घेतला. मग त्यांनी मान वर करून ओळीकडे पाहिलं, सगळ्या ओळीकडे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. इतक्या लांबून त्यांना काय दिसत होतं ते सांगता आलं नसतं.

सुनयनाने हात पदराला पुसला आणि पस्तिसावीचा हात धरला. तो सकाळच्या गारव्याने थंड होता. दुसऱ्या बाजूने चिन्मयीने येऊन तिचा हात पकडला. टेम्पो सुरू झाला, पण जागचा हलला नाही.

पुढे कुणीतरी हसलं.

"काय झालं?" चिन्मयीने विचारलं.

"आप्पांनी हात दाबला," चार वर्षांची तिकडून ओरडली. तिला तो दाब मिळाला होता आणि तिने तो पुढे दिला होता. पाच वर्षांचीने पुढे दिला. ज्या मुलीकडे तो यायचा ती हसायची, खांदे वर करायची आणि दुसऱ्या हाताने दाबून पुढच्या मुलीला द्यायची. आठ वर्षांचीने उगाच थोडा वेळ आपल्याकडेच ठेवून घेतला, मग मागच्या मुलीने तिला ढकललं. ओळ तुळशीपाशी वळत होती तिथे तो दिसेनासा झाला, फक्त हसू ऐकू येत होतं. मग तो अलीकडे आला, शाळेच्या वेण्यांमधून, लाल बादलीच्या हातातून. अठ्ठाविसावीला तो मिळाला तेव्हा सुनयनाच्या डाव्या हाताला चिन्मयीची बोटं एकदम घट्ट झाली.

मोरीत नळाशी मिटायचे तसे सुनयनाचे ओठ मिटले. पस्तिसावीने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तो दाब पस्तिसावीच्या खांद्यावरून उतरून कोपरापर्यंत आला होता.